विमान बंद पडलं तर ढकलणार कोण?

(वाळवा तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र. त्यांच्या विनंतीवरून नाव-गाव वगळून सारांश देत आहोत.)

वय अठ्ठावन्न. सासर कृष्णाकाठचं, सहा एकर बागायत, सगळा ऊस. माहेर आटपाडी तालुक्यात. थोरला मुलगा जर्मनीत फ्रँकफर्टजवळ नोकरीला. सून बाळंत होणार म्हणून त्याने आई-वडिलांना तीन महिन्यांसाठी बोलावलंय. तिकिटं काढताना 'पर्यावरणपूरक इंधना'साठी त्याने जादा पैसे भरले आणि फोनवर कौतुकाने सांगितलं, "आई, तुमचं विमान आपल्या उसाच्या इंधनावर उडणार बरं का!" तिथून घरात ठिणगी पडली.

मालक म्हणतात, "पंपावरच्या त्या इथेनॉलनं माझी मोटारसायकल वाटेत बंद पाडली. ढकलत घरी आणली. विमान ढकलणार कोण? मी येत नाही." धाकटी मुलगी कोल्हापूरला पर्यावरणशास्त्र शिकते. ती म्हणते, "दादाचे पैसे म्हणजे पाप धुतल्याची पावती आहे. दुष्काळी भागाचं पाणी उसाला आणि ऊस विमानाला. तुम्ही जाऊच नका." मुलगा दोघांवर रुसलाय.

त्या लिहितात, "मला नातवंड बघायचंय. पण लहानपणी मी माहेरी डोक्यावरून पाणी आणलंय. माझ्या हौसेपायी पाणी जाळलं जात असेल तर जिवाला लागतं. घरातलं प्रत्येक जण मला विचारतंय, तू कुणाच्या बाजूची. आणि खरं सांगायचं तर विमानात बसायची भीती मलाही वाटते, पण हे मी कुणाला बोललेले नाही. काय करू?"

* * *

ताई,

तुमच्या घरात तिघं जण तीन बाजूंनी भांडताहेत, पण ज्या गोष्टीवरून भांडण पेटलं ती कुणी तपासलेली दिसत नाही. मुलाने ज्या इंधनाचे पैसे भरले त्यात ऊस आहे का? बहुधा नाहीच.

युरोपीय संघाने २०२५ पासून विमानाच्या इंधनात किमान २ टक्के 'शाश्वत' इंधन मिसळायची सक्ती केली. २०३० साली ते प्रमाण ६ टक्के होईल आणि २०५० पर्यंत ७० टक्क्यांवर न्यायचं आहे. पण माणसाच्या ताटातल्या किंवा जनावरांच्या दावणीतल्या पिकापासून केलेलं इंधन या हिशेबात धरतच नाहीत. ऊस, मका, सोयाबीन, पामतेल, सगळे बाद. सध्या तिकडे जे मिसळतात ते मुख्यतः तळणाचं वापरलेलं तेल आणि खाटीकखान्यातली टाकाऊ चरबी यांपासून बनतं. (मालक माळकरी असतील तर चरबीची गोष्ट जरा बेतानेच काढा. एक भांडण मिटवताना दुसरं उभं राहायला नको.) मुलाने मुद्दाम खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. जैवइंधन म्हटलं की आपल्याकडच्या पोराला ऊसच आठवणार. पण कागदावर काय लिहिलंय ते त्याला एकदा वाचून दाखवायला सांगा.

एवढं कळल्याने मुलीचा अर्धा राग आणि मालकांची अर्धी भीती उतरायला हरकत नाही. उरलेल्या अर्ध्यात मात्र दोघांचंही काही खरं आहे, म्हणून पुढचं सविस्तर लिहिते.

आधी मालकांचं. त्यांच्या मोटारसायकलच्या तक्रारीला हसू नका आणि मुलीलाही हसू देऊ नका. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ वर आणलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या गाड्यांचं मायलेज थोडं घटतं हे सरकारनेही मान्य केलंय. त्यांची गाडी नेमकी कशाने बंद पडली ते मेकॅनिकच सांगू शकेल. पण पंपावर त्यांना कुणी विचारलं नव्हतं, दुसरं पेट्रोल घ्यायची सोय बहुतेक ठिकाणी उरली नव्हती, आणि शंका काढली की 'तुम्हाला काय कळतंय' असं ऐकून घ्यावं लागलं. असा अनुभव आल्यावर माणूस पुढच्या प्रत्येक 'हिरव्या' गोष्टीकडे संशयाने बघणारच. मोगली एरंडाचं (जट्रोफाचं) काय झालं तेही आपण पाहिलंय. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने त्याच्या बियांपासून डिझेल काढायची मोठी शिफारस केली, पडीक रानं हिरवी होतील अशी भाषणं झाली, आणि पुढे बियांचा उतारा कुठेच अंदाजाएवढा पडला नाही. लोकांचा अविश्वास म्हणजे अडाणीपणा, असं मानणाऱ्यांनी ही दोन्ही उदाहरणं आठवावीत.

पण विमानाच्या टाकीत इथेनॉल घालत नाहीत. घालता येणारच नाही. विमानाचं इंधन उणे ४७ अंशांपर्यंत गोठता कामा नये आणि ३८ अंशांखाली त्याच्या वाफेने ठिणगी धरता कामा नये. इथेनॉलची वाफ तेरा-चौदा अंशांलाच पेटते. म्हणून इथेनॉलपासून विमानाचं इंधन करायचं तर आधी त्यातलं पाणी रासायनिक क्रियेने काढून त्याचा इथिलीन वायू करतात, मग त्या वायूचे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या करतात आणि त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करतात. शेवटी हातात येतं ते रॉकेलच्या जातीचं इंधन. त्यात इथेनॉलचा अंश राहत नाही. दूध नासतं म्हणून तुपाला कुणी भीत नाही, तसंच हे आहे. वापरलेल्या तेलाचा रस्ता वेगळा, पण शेवट तोच.

हे इंधन कसं असावं त्यासाठी डी ७५६६ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याप्रमाणे नेहमीच्या इंधनात ते जास्तीत जास्त निम्म्यापर्यंत मिसळता येतं आणि मिसळल्यावरही नेहमीच्या इंधनाच्या सगळ्या चाचण्या पार कराव्या लागतात. प्रत्यक्षात तर निम्मं सोडा, २०२४ साली जगभरात विमानांनी जाळलेल्या इंधनात याचा वाटा सुमारे ०.३ टक्के होता. हजार लिटरमध्ये तीन लिटर. तेवढ्यासाठी मालकांनी नातवाचं तोंड पाहायचं सोडू नये.

आणि हे काही काल-परवा सुरू झालेलं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये डेहराडूनहून दिल्लीला एक प्रवासी विमान गेलं, त्याच्या एका इंजिनात चतुर्थांश इंधन मोगली एरंडाच्या तेलापासून केलेलं होतं. ते डेहराडूनच्याच भारतीय पेट्रोलियम संस्थेने तयार केलं होतं. (बिचारा एरंड, डिझेलमध्ये हरला पण एकदा आकाशात जाऊन आला.) नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हर्जिन अटलांटिकने लंडनहून न्यूयॉर्कला खास परवानगीने शंभर टक्के अशा इंधनावर विमान नेलं. आणि मालकांच्या कानावर घालावं असं उदाहरण म्हणजे १९ मे २०२३ चं. त्या दिवशी पुण्याहून दिल्लीला एअर एशियाचं प्रवाशांनी भरलेलं विमान गेलं. पुण्याच्या प्राज कंपनीने उसाच्या मळीपासून तयार केलेलं इंधन त्यात १ टक्क्यापर्यंत मिसळलेलं होतं. म्हणजे ज्याला ते भिताहेत ते लोहगावातून उडून सुखरूप उतरलेलंसुद्धा आहे.

हे त्यांना मुलीने सांगू नये. मुलानेही नको. पोरांकडून धडा घ्यायला बापाला अवघड जातं. तुम्ही सांगा, किंवा कारखान्याच्या डिस्टिलरीत काम करणारं गावातलं कुणी असेल तर त्याला चहाला बोलवा. मळीपासून इथेनॉल कसं होतं हे तो रोज बघतो, त्याचा शब्द मालक ऐकतील.

तुमच्या स्वतःच्या भीतीबद्दल दोनच गोष्टी. ती मुलाला सांगून टाका, म्हणजे तो विमानतळावर मदतनिसाची सोय करेल आणि मधल्या वाटेकडेची जागा घेईल. प्रवास आठ-नऊ तासांचा आहे, अधूनमधून उठून चालावं लागतं. मालकांच्या इंधनाच्या तक्रारीआडही हीच भीती लपलेली असू शकते, पण ते तुम्हालाच जास्त ठाऊक.

आता मुलाचे पैसे. ज्यासाठी जादा पैसे भरले ते इंधन तुमच्याच विमानात पडत नाही. विमानतळावर टाक्या आणि नळ सामाईक असतात, त्यात कुणाचा थेंब कुठे गेला हे सांगता येत नाही. कित्येकदा ते इंधन दुसऱ्याच देशातल्या विमानतळावर ओतलं जातं आणि हिशेब तुमच्या नावे लिहिला जातो. हे ऐकून मुलगी 'बघा, फसवणूक' म्हणेल. एकच लिटर दोघांच्या नावे लिहिलं तर ती फसवणूक, एकदाच लिहिलं आणि बाहेरच्या माणसाने तपासलं तर नाही. पण दुसरी एक गोष्ट मला खटकते. अशा 'हिरव्या' तिकिटांत इंधनाचा वाटा थोडा आणि दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या झाडं लावण्या-चुली वाटण्याच्या प्रकल्पांतून केलेली कार्बनची 'भरपाई' जास्त, असं पुष्कळदा असतं. मुलाला एवढंच विचारायला सांगा की पैशांतला किती भाग खरोखर इंधनाला गेला. उत्तर स्पष्ट आलं तर ठीक, गोलमाल आलं तर पुढच्या वेळी हेच पैसे दुसऱ्या चांगल्या कामाला द्यावेत. लुफ्थान्साने तर १ जानेवारी २०२५ पासून युरोपातून निघणाऱ्या विमानांच्या तिकिटावर १ ते ७२ युरो पर्यावरण अधिभार लावलाच आहे, त्यामुळे परतीच्या तिकिटात असं काही आधीच धरलेलं असेल तर तेही पाहून घ्या. एकाच कामाचे पैसे दोनदा कशाला?

पैसे भरल्याने प्रवास स्वच्छ होत नाही, हे मुलीचं म्हणणं मात्र मला मान्य आहे. जैवइंधन जळतानाही कार्बन डायऑक्साइड जवळपास तेवढाच सोडतं. फायदा एवढाच की तो कार्बन आधी झाडाने हवेतून घेतलेला असतो. तो फायदा किती हे कच्च्या मालावर ठरतं. टाकाऊ तेल असेल तर भरपूर, जंगल तोडून लावलेलं पीक असेल तर उलटा तोटा. आणि 'टाकाऊ तेल' म्हणून परदेशातून येणारा माल खरंच टाकाऊ आहे की ताजं पामतेल नाव बदलून येतंय, असा संशय युरोपात घेतला गेलाय. तेव्हा पोरीचा संशय अगदीच पोरकट नाही.

तिचं चुकतंय ते दुसरीकडे. 'जाऊच नका' हे ती चुकीच्या माणसांना सांगतेय. मुंबई-फ्रँकफर्ट जाऊन-येऊन माणशी ढोबळमानाने एक टन कार्बन डायऑक्साइड होतो, आणि आपल्या देशात माणशी वर्षाचं सरासरी प्रमाण दोन टनांच्या आसपास आहे, म्हणजे हे थोडं नव्हे. पण एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे २०१८ साली जगातल्या जेमतेम ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला, आणि प्रवासी विमानांच्या निम्म्या धुराला लोकसंख्येतले एक टक्का लोक जबाबदार होते. जन्मात पहिल्यांदा, सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या बाईला घरी बसवून ती कोणाला धडा शिकवणार आहे? दर आठवड्याला बैठकांसाठी दिल्ली-मुंबई करणारे साहेब तिच्या ओळखीचे नसतील, आई-बाप हाताशी आहेत म्हणून त्यांना बोलते. हे तिला प्रेमाने सांगा. तिचा कळवळा खरा आहे, तो घालवू नका.

कारण पाण्याबद्दल ती जे म्हणतेय ते युरोपच्या बाबतीत गैरलागू असलं तरी आपल्या बाबतीत आज ना उद्या लागू होणार आहे. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ टक्के आणि २०३० ला ५ टक्के असं मिश्रणाचं उद्दिष्ट ठरवलंय. इंडियन ऑइलच्या पानिपत प्रकल्पाने वापरलेल्या तेलापासून असं इंधन करायचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र २०२५ मध्ये मिळवलं. पण वापरलेलं तेल गोळा होऊन होणार किती? मग नजर इथेनॉलकडे वळते, आणि इथेनॉल म्हटलं की सांगली-सातारा-कोल्हापूर आलंच.

जरा हिशेब मांडू. ढोबळ आहे, पण शेतकऱ्याच्या घरात समजेल असा. एक टन ऊस गाळून सगळा रस इथेनॉलला वळवला तर साधारण ७० लिटर इथेनॉल निघतं. विमानाचं एक लिटर इंधन करायला दीड-पावणेदोन लिटर इथेनॉल लागतं. म्हणजे टनामागे साधारण चाळीस लिटर. पुणे-दिल्लीला जाणारं नेहमीचं विमान ताशी अडीच टनांच्या आसपास, म्हणजे तीनेक हजार लिटर इंधन खातं. दोन तासांचे सहा हजार लिटर. सगळं रसापासून करायचं म्हटलं तर दीडशे टन ऊस लागेल. तुमच्याकडे एकरी चाळीस-पन्नास टन निघत असेल तर तीन-पावणेचार एकर. आडसाली लागण असेल तर सोळा-अठरा महिने पाणी देऊन उभा केलेला तो ऊस एका विमानाच्या एका फेरीत संपला. एक टक्काच मिसळायचं असेल तर दीड टन, एका टायरगाडीत बसेल एवढा. मळीपासून केलं तर आधी साखर निघून मग इंधन मिळतं, त्यामुळे चित्र पुष्कळ सौम्य होतं. रस की मळी, एक टक्का की पन्नास, यावर सगळं अवलंबून आहे. 'उसाचं इंधन' चांगलं की वाईट, असं एका वाक्यात सांगणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये, मग तो चेअरमन असो की तुमची लेक.

आणि आता तुमचं माहेर. तुमच्या पत्रातलं हेच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. एकाच जिल्ह्यात कृष्णाकाठ आणि आटपाडी, दोन्हीकडचं पाणी प्यायलेली बाई या प्रश्नावर बोलायला कुठल्याही विमान कंपनीच्या प्रवाशापेक्षा जास्त लायक आहे. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून तुमच्या माहेरापर्यंत नेलं, त्यासाठी किती वर्षं लोक रस्त्यावर उतरले हे तुम्ही पाहिलं असेल. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी तुमच्या सासरच्या वाळव्याचे, बागायतीतले, कारखाना उभा केलेले. पण दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद ते आटपाडीत भरवायचे. ऊसवाल्या भागाने दुष्काळी भागाच्या पाण्याची चिंता करायची परंपरा या जिल्ह्यात आहे, ती मुलीने कोल्हापूरच्या वर्गात शोधायची गरज नाही. तसंच, पाणी आलं की मागोमाग ऊस येतो आणि शेपटाकडच्या गावाला पाणी पुरत नाही, हेही या जिल्ह्यानेच पाहिलंय.

तुम्ही विचारताय की मी जाऊ का. जा. बाळंतपण थांबत नाही. पण तुमच्या मनाला जे लागतंय त्याचं उत्तर तिकिटात सापडणार नाही. प्रवासी म्हणून तुमचं मत म्हणजे तिकिटाच्या पानावरची एक खूण, ती केली काय आणि न केली काय, विमान उडणारच. ऊस उत्पादक म्हणून तुमच्या मताला वजन आहे, आणि तिथे मात्र तुम्हाला आजवर कुणी विचारलेलं नाही. जगभर या इंधनाबद्दल लोकांना काय वाटतं हे विचारताना प्रवाशांना गाठतात: जादा पैसे द्याल का, भीती वाटते का. ज्याच्या रानातून कच्चा माल येणार आणि ज्याच्या विहिरीची पातळी खाली जाणार, त्याच्याकडे क्वचितच कुणी जातं.

तेव्हा तुम्ही घरच्या तिघांपैकी कुणाची बाजू घ्यायची हा प्रश्नच बाजूला ठेवा आणि त्यांना कामाला लावा. मुलीला म्हणा, विमान राहू दे, आपल्या रानातलं पाचट पेटवायचं बंद करायला बाबांना राजी कर. खोडव्यात पाचट कुजवलं तर ओल टिकते, खत वाचतं, धूर होत नाही. ठिबक अजून केलं नसेल तर त्याचा खर्च, अनुदान आणि वाचणारं पाणी यांचा कागद तिनेच मांडावा. तिच्या शिक्षणाचा उपयोग घराला होईल आणि बापाला ती शेतातलं बोलतेय असं वाटेल. मुलाला म्हणा, तुझ्या देशात तपासणी कशी करतात ते नीट वाचून आम्हाला मराठीत लिहून पाठव.

कारण ती तपासणी उद्या तुमच्या बांधावर येणार आहे. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीत हे इंधन 'शाश्वत' म्हणून मोजलं जायचं तर प्रमाणपत्र लागतं, आणि त्याचा माग थेट शेतापर्यंत काढतात. १ जानेवारी २००८ नंतर जंगल मोडून ती जमीन लागवडीखाली आणली का, माती आणि पाण्याची काय काळजी घेतली, औषधं कोणती फवारली, आणि मजुरांना कसं वागवलं. या शेवटच्या प्रश्नावर मी थांबते. बीडकडून आलेली टोळी, रानाच्या कडेच्या कोप्या, पहाटे तोडीला जाणाऱ्या बाया आणि त्यांची शाळा बुडालेली पोरं. फ्रँकफर्टच्या प्रवाशाच्या हिरव्या तिकिटाची लायकी तुमच्या शिवारातल्या कोपीत ठरणार असेल, तर मला त्यात आनंदच आहे. आपल्या सांगण्याने जे सुधारलं नाही ते बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या अटीने सुधारलं तरी चालेल.

विमानाच्या इंधनामुळे उसाला सोन्याचा भाव येईल, अशी भाषणं आता सुरू होतील. ऐका, पण कर्ज काढून स्वप्नं बघू नका. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारने एकाएकी निर्बंध घातले तेव्हा डिस्टिलरीत पैसा घातलेले कारखाने कसे अडकले ते लोक विसरलेले नाहीत. पुढे निर्बंध उठले, पण धोरण एका रात्रीत फिरू शकतं हे कळलं. उसाचा एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, साखरेच्या उताऱ्यावर (उसातून किती टक्के साखर निघते त्यावर) ठरतो. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. इथेनॉलमधून कारखान्याला जादा मिळालं तर त्यातलं सभासदाच्या पदरात किती पडतं, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो कुणीतरी विचारावा लागतो.

अशा पेचात असलेल्या बाकीच्या वाचकांसाठीही थोडं लिहिते. ज्यांची मुलं परदेशातून तिकिटं काढून पाठवतात त्यांनी 'हिरव्या' रकमेवरून घरात वाद घालण्याआधी कच्चा माल कोणता, इंधन किती आणि 'भरपाई' किती, आणि तपासलं कुणी, हे विचारून घ्यावं. उत्तरं मिळत नसतील तर पैसे भरू नयेत, त्यात काही लाज नाही. महामार्गालगत ज्यांचे ढाबे, वडापावच्या गाड्या किंवा फरसाणचे कारखाने आहेत त्यांचा तर या विषयाशी प्रवाशांपेक्षा जवळचा संबंध आहे. तळणाचं तेल पुन्हा पुन्हा वापरायचं किंवा किरकोळ विक्रेत्याला स्वस्तात द्यायचं हे कायद्याने चूक आहेच, शिवाय ते परत कुणाच्या तरी पोटात जातं. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागत असेल तर त्याची नोंद ठेवावी लागते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून वापरलेलं तेल गोळा करून जैवइंधनाला देण्याची व्यवस्था आखली आहे. अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्या आणि पावती घ्या. उसापेक्षा या तेलाचं विमान मला जास्त पटतं, कारण त्यासाठी कुणाच्या विहिरीचं पाणी लागत नाही.

परत तुमच्याकडे येते. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की दिवाळीची सभासद साखर तुमच्या नावाच्या शेअरवर येते. म्हणजे मालकांइतक्याच तुम्हीही कारखान्याच्या सभासद आहात. वार्षिक सभेला आजवर किती वेळा गेलात? अंदाज आहे, विचारत नाही. यंदा जर्मनीहून परत याल तेव्हा सभेची तारीख जवळ आली असेल. उभं राहून माइकवर बोलायला नको वाटत असेल तर लेखी प्रश्न द्या. आपला कारखाना इथेनॉल रसापासून किती करतो, बी-हेवी मळीपासून (जिच्यात अजून बरीच साखर उरलेली असते) किती आणि सी-हेवीपासून (साखर काढून झाल्यावरची शेवटची मळी) किती? विमानाच्या इंधनासाठी इथेनॉल विकायचा विचार आहे का, असल्यास प्रमाणपत्राची तयारी कुठवर आली? ठिबकवाल्या सभासदाला वेगळी सवलत देणार का? तोडणी मजुरांच्या पाण्या-संडासाची सोय कोण करतं? आणि जादा उत्पन्नातला वाटा उसाच्या बिलात कसा दिसेल?

एवढे पाच प्रश्न एका कागदावर बसतात. मुलीकडून लिहून घ्या, मालकांना वाचून दाखवा. कारखान्यातलं राजकारण त्यांना जास्त कळतं, एखादा शब्द ते बदलतील तर बदलू द्या. प्रश्न द्यायची मुदत अहवालाच्या पुस्तिकेत छापलेली असते. पुस्तिका तुम्ही परदेशी असतानाच घरी येऊन पडेल, तेव्हा ती जपून ठेवायला शेजारी सांगून जा. सही मात्र तुमची असू द्या.